सोव्हिएत संघ कशाने बुडाला: सुधारणांनी की भ्रष्टाचाराने?

अमेरिकेने सोव्हिएत संघ पाडला, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते गोर्बाचेव्ह यांच्या सुधारणाच अर्धवट होत्या. १९८८ पासून सरकारी कारखान्यांना पगार ठरवायची बरीच मोकळीक मिळाली, पण मालाचे भाव सरकारनेच बांधलेले राहिले. त्याच वर्षी सहकारी संस्थांचा कायदा आला. आपल्या साखर कारखान्यासारखा सहकार नव्हे, बहुतेक ठिकाणी खासगी धंदाच. कारखान्याचा साहेब आपल्याच माणसांची संस्था काढायचा, सरकारी भावाचा कच्चा माल तिकडे वळवायचा आणि संस्था तो चढ्या भावाने विकायची. नफा खिशात, तोटा सरकारच्या माथी!

प्रतिसाद १:
असहमत. चोरी त्याआधीपासूनच चालू होती. सोव्हिएत संघातल्या उझबेकिस्तानात तिथले पक्षप्रमुख रशीदोव्ह यांच्या काळात वर्षानुवर्षं कापूस फक्त कागदावर पिकत होता आणि मॉस्को त्याचे पैसे मोजत होतं. गोर्बाचेव्ह यांच्या आधीचे सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांचा जावई चुर्बानोव्ह याला त्याच प्रकरणात १२ वर्षांची शिक्षा झाली. वर १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि तेल विकून येणारा पैसा आटला. याचं खापर सुधारणांवर का?

प्रतिसाद २:
चीनमध्येही एकाच मालाचे सरकारी आणि बाजारी असे दुहेरी भाव होते, अधिकारी त्यावर गब्बर झाले. १९८९ च्या तिआनानमेन आंदोलनात तोही राग होता. तरी देश टिकला, कारण पक्षाची पकड सुटली नाही. इकडे संघातलं सर्वांत मोठं प्रजासत्ताक असलेल्या खुद्द रशियानेच १९९१ मध्ये संघाच्या केंद्र सरकारला कराचा पैसा द्यायला हात आखडता घेतला.

धागाकर्ता:
कापसाचं मान्य. पण २२ जानेवारी १९९१ ची रात्र आठवा. टीव्हीवर जाहीर झालं: ५० आणि १०० रूबलच्या नोटा बाद, बदलायला फक्त ३ दिवस. बचत खात्यातून महिन्याला ५०० रूबलच काढता येणार. आपण २०१६ पाहिलंय, रांगेत उभं राहणं म्हणजे काय ते कळतं. काळा पैसा पकडायचा म्हणे! काळाबाजारवाल्यांकडे माल होता, डॉलर होते. उशाखाली नोटा होत्या त्या पेन्शनवर जगणाऱ्या म्हातारीच्या.

प्रतिसाद १:
त्या म्हातारीबद्दल वाद नाही. पण नोटा बाद व्हायच्या आधीच तिला त्यातून साखर मिळत नव्हती. दारूबंदीच्या मोहिमेनंतर लोक घरी दारू गाळायला लागले आणि साखर दुकानांतून गायब झाली. कित्येक शहरांत ती कूपनवर आली होती.

धागाकर्ता:
ती मोहीम १९८५ ची, गोर्बाचेव्ह यांचीच.