मिरजेची छोटी गाडी: रूळ उखडले, पण सगळंच भंगारात घालायची गरज होती का?

मिरजकर:
परवा भाच्याला घेऊन मिरज स्टेशनवर उभा होतो. म्हटलं, इथे एकेकाळी तीन मापांचे रूळ होते. पुणे-कोल्हापूरचा ब्रॉडगेज, बेळगावकडचा मीटरगेज आणि पंढरपूरकडचा नॅरोगेज. पोरगं म्हणालं, "मामा, छोटा रूळ दाखव." छोटे रूळ उखडून तिथं ब्रॉडगेज झाली, दाखवायला काही नव्हतं.

ही छोटी लाइन म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरनं 1895 साली लंडनला कंपनी नोंदवली आणि 1897 ला बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, गाडी सुरू केली. पुढे 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला आपली मिरज. सगळी मिळून 202 मैल. 1954 ला सरकारनं विकत घेईपर्यंत खाजगी कंपनीच ती चालवत होती.

लोक तिची आठवण काढतात ती रडतखडत चालणारी गाडी म्हणून. मला हे फार लागतं. रुळांमधलं अंतर अडीच फूट, आणि इंजिन असो की डबा, कुठल्याही ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या जोडीच्या दांड्यावर, 5 टनांपेक्षा जास्त भार नाही. भार सगळीकडे सारखा वाटला म्हणून दर यार्ड लांबीला 30 पौंड वजनाचा हलका रूळ पुरला, खर्च आटोक्यात आला आणि मोठी रेल्वे जिथं फिरकली नसती अशा दुष्काळी पट्ट्यात गाडी पोचली. एवढं डोकं लावून बांधलेल्या लाइनचा ढालगाव ते जतरोड एवढा तरी तुकडा जसाच्या तसा राखायला हवा होता. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीला 1999 ला जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्या गाडीनं काय घोडं मारलं होतं?

ढालगावकर:
मिरजकर, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे, पण तुकडा राखायचा म्हणजे आमच्या गावाजवळचाच ना? ब्रॉडगेज आमच्या तालुक्याला सोडून जायला हवी होती का? आमच्याकडे द्राक्षं आहेत, बेदाणा आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी पाण्याची बोंब आहे.

2016 चा एप्रिल आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेतून कृष्णेचं पाणी भरून जलदूत नावाची रेल्वेगाडी गेली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, 5 लाख लिटर, नंतर 50 वाघिणींची गाडी, 25 लाख लिटर. गेली ती याच वाटेनं, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत. आता तुमच्याच कॅल्थ्रॉपच्या हिशेबानं बघा. एका ॲक्सलला 5 टन, चार ॲक्सलचा डबा म्हणजे 20 टन, तोही डब्याचं स्वतःचं वजन धरून. जलदूतच्या एकेका वाघिणीत नुसतं पाणीच 50 टन होतं. छोटी लाइन राहिली असती तर लातूरकरांनी काय केलं असतं?

हमालाचा मुलगा:
ढालगावकरांच्या बाजूनं माझंही सांगतो. माझे वडील मिरज यार्डात हमाल होते. दोन मापांचे रूळ शेजारी आले की मधला माल माणसाच्या पाठीवरून जातो, हे फोटो काढणाऱ्यांना दिसत नाही. एका डब्यातून पोतं उचलायचं, फळी ओलांडायची, दुसऱ्या डब्यात टाकायचं. हळद, गूळ, शेंग. गुळाचं रवं पावसाळ्यात पाझरायचं आणि सदरा पाठीला चिकटायचा. रात्री आई कोमट पाण्यानं तो सोडवायची, ओढला तर कातडं निघायचं. मानेखाली त्यांना घट्टा पडला होता, सुपारीएवढा, तो शेवटपर्यंत गेला नाही.
ब्रॉडगेज झाली तेव्हा ते हयात नव्हते. असते तर त्यांनी साखर वाटली असती.

पंढरीची वाट:
दादा, वाचून गलबलून आलं. तरी एक बोलते. आमच्या आजीची सगळी वारी याच गाडीतली. सांगोला मागं पडलं की बायका अभंग धरायच्या आणि पंढरपूर येईपर्यंत सोडायच्या नाहीत. कवठेमहांकाळ ते पंढरपूरचं तिचं कडक पुठ्ठ्याचं तिकीट अजून देव्हाऱ्यात आहे, कडा काळ्या पडल्यात. पाण्याची गाडी हवीच होती. पण एखादा डबा, एखादं इंजिन सावलीला उभं केल्यानं कुणाचं पाणी अडलं असतं?

मिरजकर:
हमालदादांच्या मुलाला आधी नमस्कार. अदलाबदलीचा माल मी लिहिताना विचारातच घेतला नव्हता, ही माझी चूक. लाइनचा तुकडा चालू ठेवा हे म्हणणं मी मागे घेतो.

पण ताई म्हणतात ते सोडणार नाही. याच कॅल्थ्रॉपनं इंग्लंडात याच मापाची लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाइन बांधली. 1904 ला सुरू, 1934 ला बंद. ती तीस वर्षं चालली, आपली त्याच्या तिपटीहून जास्त. तिचेही रूळ उखडले, पण त्या जागेवर चालायची वाट केली, लोक आजही तिथून चालतात. आपल्याकडे नवा रूळ जुन्याला सोडून गेला असेल तिथली जमीन अशी वापरता येईल.

ढालगावकर:
वाटेला माझा विरोध नाही, फक्त कुणाच्या रानाला कुंपण पडता कामा नये. आणि मिरजेत काही मांडणार असाल तर इंजिनाशेजारी हमालांची ती फळीही ठेवा.

हमालाचा मुलगा:
फळी नाही राहिली. वडिलांचा आकडा आहे, पोत्यात घालायचा, लाकडी मुठीचा. मूठ घासून बोटांचे खळगे पडलेत. मागितला तर देईन.