मदत हवी आहे: डर्ट ट्रॅकवरच्या जुन्या आरएक्स १०० चं इंजिन घरी उघडतोय, केसिंग (इंजिनचं दोन भागांचं बाहेरचं कवच) मागून सुटत नाही

नमस्कार मंडळी,

गाडी यामाहा आरएक्स १००, १९८९ ची. माझ्या मामांची. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात जिथे कुठे डर्ट ट्रॅकची शर्यत लागायची तिथे ही गाडी असायची. हेडलाइट, इंडिकेटर, पुढचं मडगार्ड तेव्हाच उतरवलेलं, मागचं स्प्रॉकेट मोठं, सायलेन्सर कापून बसवलेला. मामा गेले, गाडी माझ्याकडे आली. ती पुन्हा मातीत पळावी एवढीच इच्छा आहे. शोभेची वस्तू करून बैठकीत ठेवायची नाही.

इंजिन का उघडलं ते आधी सांगतो, म्हणजे ‘कशाला उघडलंत’ हा प्रश्न राहणार नाही. गाडी सुरू व्हायची, पण पांढरा धूर थांबायचाच नाही. गरम झाल्यावर टू-स्ट्रोकचा थोडा धूर चालतो, हा तसा नव्हता. वासही टू-टी ऑईलचा (पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑईलचा) नव्हता, जळक्या गिअर ऑईलचा होता. गिअर ऑईल भरून ठेवलं की पातळी उतरायची आणि खाली जमिनीवर एक थेंब नसायचा. म्हणजे क्लचच्या बाजूचं क्रँकचं (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) ऑईल सील गेलंय आणि इंजिन गिअरबॉक्समधलं ऑईल क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या बंद पोकळीत) ओढून जाळतंय, हे उघड आहे. नुसत्या सीलसाठी मी पूर्ण इंजिन उघडलं नसतं. पण ब्लॉक उतरवल्यावर पिस्टन वर आणून कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढला, तर बोटांना स्पष्ट ‘टक’ लागतो. रॉड बाजूला थोडा हलणारच, ते मला माहीत आहे. पण उभ्यात प्ले म्हणजे बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक आणि तिथलं बेअरिंग) संपलं. तेव्हा क्रँक बाहेर काढण्यावाचून इलाज नाही.

आतापर्यंत झालेलं काम: गिअर ऑईल काढलं. हेड, ब्लॉक, पिस्टन उतरवलं (केसिंगच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून, नाहीतर गजन पिनची (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनची) लॉक आत उडी मारते आणि मग दिवस जातो). डाव्या बाजूचा मॅग्नेट पुलरने काढला, हातोडी लावली नाही. मॅग्नेट जागी धरणारी छोटी खुंटी, म्हणजे ‘की’, डबीत जपून ठेवली आहे. स्टेटर प्लेट काढण्याआधी प्लेटवर आणि केसिंगवर मिळून एक रेघ ओढली, म्हणजे ठिणगीचं टायमिंग परत तिथेच बसेल. उजवीकडे क्लच, प्रायमरी गिअर, किकचा गिअर, गिअर शिफ्टचा शाफ्ट असं सगळं उतरलंय. पुढचं स्प्रॉकेट निघालं, न्यूट्रल स्विच निघाला. केसिंगचे सगळे स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरने निघाले. पुठ्ठ्यावर केसिंगचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला आहे. लांबी वेगवेगळी असते, त्यामुळे एकही राहिलेला नाही हे खात्रीने सांगतो.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी एक सांगतो: हे स्क्रू जपानी धाटणीचे आहेत. नेहमीचा चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, जोर लावला की डोकं गुळगुळीत होतं. इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्याच. जुन्या गाडीवर त्याचे पैसे पहिल्याच कामात वसूल होतात.

आता अडचण. उजव्या केसिंगला क्रँक ढकलणारा पुलर लावला आणि बोल्ट हळूहळू आवळला. पुढची बाजू, म्हणजे क्रँककडची, सुमारे ३ मिलीमीटर उघडली. मागची बाजू, गिअरबॉक्सकडची, तिथेच. आणखी आवळलं की केसिंग तिरकं होतंय, म्हणून थांबलो आणि बोल्ट सैल केला. लाकडी ठोकळा धरून इंजिन माउंटच्या कानांवर हलक्या हाताने ठोकून पाहिलं, फरक नाही.

फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, हे माझं पक्कं आहे. पूर्वी कुणीतरी हे इंजिन तसंच उघडलेलं दिसतंय. जोडाच्या पृष्ठभागावर दोन ठिकाणी छन्नीचे ओरखडे आहेत आणि वरून शेलॅकचा (जोड बंद करणाऱ्या लेपाचा) थर थापलाय. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद नसेल तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. शिवाय केसिंगवर इंजिन नंबर आहे, आरसीवरही तोच. केसिंग फुटलं तर नुसतं दुसरं आणून भागत नाही, आरटीओचं कामही मागे लागतं.

तर विचारायचं आहे:
मागची बाजू कशामुळे अडकली असेल?
आणि क्रँक निघाल्यावर जुनीच प्रेसवर उघडून नवा रॉड बसवावा, की बाजारातली तयार पूर्ण क्रँक घ्यावी?

उजव्या बाजूचा जवळून घेतलेला फोटो जोडला आहे.

— पडवीतला मेकॅनिक

*

दोनटाकी: भाऊ, ओरखडे पाहून वाईट वाटलं. माझा संशय डॉवेलवर, म्हणजे केसिंगचे दोन भाग नेमके जुळवणाऱ्या खुंट्यांवर. डर्ट ट्रॅकची गाडी म्हणजे शर्यत झाली की पाण्याच्या फवाऱ्याखाली. जोडातल्या पोकळ डॉवेलभोवती पाणी शिरतं, वर्षानुवर्षं गाडी उभी राहिली की गंज धरतो. त्या जागी गंज सोडवणारं ऑईल मारा आणि रात्रभर ठेवा. मग हॉट एअर गनने केसिंगचा तेवढाच भाग तापवा. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, डॉवेल आपोआप सैल होतो. फक्त त्याआधी सगळं पुसून कोरडं करा आणि पेट्रोलचं फडकं, डबा काहीही त्या पडवीत ठेवू नका. गॅसची ज्योत तर नकोच.

खडकेवाडी_एक्सप्रेस: तापवायच्या आधी फोटो पुन्हा बघा, दादा. क्लचच्या मागे गिअर ड्रमच्या (गिअर बदलताना फिरणाऱ्या नळकांड्याच्या) टोकावर तो चांदणीसारखा सेगमेंट अजून बसलेला दिसतोय. उजवं केसिंग उचलताना ते सेगमेंटवरून पार व्हायला हवं. सेगमेंटची टोकं केसिंगच्या भोकाच्या काठाआड आली असतील तर मागची बाजू जन्मात सुटणार नाही, तुम्ही पुलर कितीही आवळा. भोकाच्या कडेला खाचा असतात. ड्रम बोटाने फिरवून टोकं त्या खाचांसमोर आणा. ड्रम फिरत नसेल तर स्प्रॉकेटचा शाफ्ट दुसऱ्या हाताने मागेपुढे हलवत राहा, गिअरचे डॉग (बाजूचे दात) एकमेकांत बसले की ड्रम पुढे सरकेल.

आणि हो, आधी पुढची फट परत बंद करा. दोन्ही बाजू सारख्या उघडल्या पाहिजेत. फट तिरकी असताना शाफ्ट बेअरिंगमध्ये आवळून बसतो.

पडवीतला मेकॅनिक: खडकेवाडी, तुमचे पाय कुठे आहेत! टॉर्च मारून पाहिलं, सेगमेंटचं एक टोक बरोबर काठाआड होतं. केसिंग परत बसवलं, शाफ्ट हलवत ड्रम फिरवला, टोकं खाचेत आली. पुलरला थोडा ताण देऊन पुढे-मागे आलटून पालटून ठोकळा वाजवला आणि उजवं केसिंग सरळ वर आलं. ना ओरखडा, ना चीर. दोनटाकी, तुमचंही खरं होतं, मागच्या डॉवेलवर गंज होताच, पण तो ऑईलने निघाला.

गिअर तपासले, डॉगच्या कडा शाबूत आहेत. क्रँक अजून डाव्या केसिंगमध्ये आहे. उजव्या सीलची ओठाची कड कडक होऊन चिरलेली आहे. बिग एंडच्या पिनशी निळसर रंग दिसतोय, म्हणजे तिथे कधीतरी ऑईल कमी पडून ती तापलीये.

खडकेवाडी_एक्सप्रेस: निळी पिन म्हणजे रॉड, पिन, बेअरिंग सगळा संच नवा. डाव्या केसिंगमधून क्रँक काढतानाही पुलरच. टोकावर हातोडी मारू नका, आट्यांवर नट लावूनसुद्धा नको. ही क्रँक दोन चकत्या आणि मधली पिन प्रेस करून बनलेली असते. एक सणसणीत घाव बसला की चकत्या पिनभोवती किंचित सरकतात. डोळ्याला काही दिसत नाही, पण इंजिन थरथरायला लागतं आणि नवी बेअरिंग लवकर आवाज करतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं: जुन्या चकत्या आणि टोकं चांगली असतील तर तीच क्रँक ठेवा. बाजारातल्या तयार क्रँका मी वापरल्या आहेत, काही बऱ्या निघाल्या, काही बॉक्समधूनच वाकड्या आल्या. कोल्हापुरात असाल तर उद्यमनगरात प्रेसवाले मिळतील. तिथे एकच गोष्ट विचारा: प्रेस केल्यावर डायल गेज (बारीक वाकडेपणा काट्यावर दाखवणारं मापक) लावून दाखवणार का? जो नजरेने आणि पट्टीने सरळ करतो म्हणेल, त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. काटा दोन्ही टोकांना ०.०३ मिलीमीटरच्या आत राहिला पाहिजे, आणि तो फिरताना तुम्ही स्वतः तिथे उभं राहून पाहा.

दोनटाकी: शर्यतीची गाडी आहे म्हणजे पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली वायू ये-जा करायची भोकं) कुणीतरी नक्की घासून रुंद केले असणार. रिबोअर करणार (सिलिंडर आतून कोरून मोठा करणार) असाल तर नंतर पोर्टच्या कडा बारीक मोडून घ्यायला सांगा. धारदार कडा तशीच राहिली तर नवी रिंग पहिल्या दिवशी तिथे अडकते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, आणि गजन पिनच्या लॉकचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नका.

पडवीतला मेकॅनिक: एक्झॉस्ट पोर्ट खरंच रुंद केलेला आहे, फाइलचे व्रण दिसतात. मामांचं काम असणार, तो आकार मी बदलणार नाही, फक्त कडा मोडून घेईन. सील आणि बेअरिंग दोन्ही बाजूंची नवीनच घेतो. जुन्या बेअरिंगवर सी३, सी४ (आतल्या मोकळीकेचा दर्जा) यातलं काय लिहिलंय ते वाचून तीच आणतो. क्रँक घेऊन सोमवारी उद्यमनगरात जातोय. तिथे डायल गेज लावून काम करणारं दुकान कुणाला स्वतःच्या अनुभवाने माहीत असेल तर व्यक्तिगत निरोपात कळवा. काटा किती फिरला तो आकडा परत येऊन इथेच लिहितो.