पीकेयूच्या पावडरीत व्हिटॅमिन घातलंय म्हणून ड्युटी माफ होत नाही का?

सातारची_आई: लेक ३ वर्षांची, पीकेयू (फिनाइलकीटोन्युरिया) आहे, म्हणजे प्रोटीनमधला फिनाइलअ‍ॅलनिन हा घटक तिच्या शरीरात साठत जातो. डाळ, दूध, पोळी सगळं मोजूनमापून, खरं पोषण फिनाइलअ‍ॅलनिन काढलेल्या पावडरीवर आणि ती बाहेरच्या देशातून मागवावी लागते. यावेळी कुरिअरचा एजंट म्हणतो यात व्हिटॅमिन, मिनरल, व्हॅनिला फ्लेवर आहे म्हणजे हे औषध नाही, प्रोटीन सप्लिमेंट आहे, पूर्ण ड्युटी भरा. दर दोन महिन्यांनी कुठून आणायचे एवढे पैसे? कोणाला माफी मिळालीय का?

सांगलीचा_बाबा: ताई, लगेच भरू नका. माझ्या मुलाला एमएसयूडी (मेपल सिरप युरिन डिसीज, असाच प्रोटीन न झेपणारा दुर्मिळ आजार) आहे, आम्ही यातून गेलोय. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाच्या यादीतल्या आजारांसाठी स्वतःच्या वापराला मागवलेली औषधं आणि स्पेशल मेडिकल फूड, दोन्हीवर १ एप्रिल २०२३ पासून बेसिक कस्टम ड्युटी माफ आहे, आणि त्याच जुलैत जीएसटी कौन्सिलच्या ५०व्या बैठकीत आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) पण माफ करायचं ठरलं. पीकेयू यादीत आहे. म्हणजे हे औषध नाही, अन्न आहे म्हटलं तरी माफी जात नाही. आणि व्हिटॅमिनचं म्हणाल तर दूध-डाळ मोजकीच मिळणाऱ्या लेकराला ते दुसरं कुठून मिळणार, म्हणूनच घालतात ना.
फक्त सर्टिफिकेट लागतं, आरोग्य संचालकांचं किंवा आपल्या जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनचं. साध्या प्रिस्क्रिप्शनवर भागत नाही. आमच्या सर्टिफिकेटवर नुसतं 'न्यूट्रिशन पावडर' लिहिलं होतं आणि बिलावर ब्रँडचं नाव, तेवढ्यासाठी खोकं आठ दिवस अडकलं, रात्रंदिवस जीव टांगणीला. डब्यावरचं पूर्ण नाव, आजाराचं नाव, किती डबे, सगळं बिलाशी जुळवून घ्या.

मेडिकलवाली_पुणे: लो-प्रोटीन पास्ता, बिस्किटं त्याच खोक्यात मागवू नका, वेगळं पार्सल करा, नाहीतर सगळ्यावरच प्रश्न निघतात. आणि ताई, इथली सिरप, चघळायच्या गोळ्या घेताना अ‍ॅस्पार्टेम नाही ना बघा, त्यात फिनाइलअ‍ॅलनिन असतं.

सातारची_आई: अ‍ॅस्पार्टेमचं माहीतच नव्हतं हो! दादा, सिव्हिलला जाताना काय काय नेऊ?

सांगलीचा_बाबा: जेनेटिक्सच्या डॉक्टरांचं पत्र, रिपोर्ट, डब्याच्या लेबलचा फोटो, कंपनीचं कोटेशन. पत्र नसेल तर परळच्या केईएमला दाखवा, ते दुर्मिळ आजारांचं सरकारमान्य केंद्र आहे. आणि कस्टमच्या नोटिफिकेशनला सर्टिफिकेटचा नमुना जोडलेला असतो, त्याची प्रिंट न्याच, आमच्या इथे क्लार्कनी तो पहिल्यांदाच बघितला होता.

सातारची_आई: पत्र आहे. सोमवारी सकाळीच जाते, घरात तीनच डबे उरलेत.