पार्टनरनं दावा टाकला, फर्मचं खातं होल्ड आणि कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा पण अडकला, काय करायचं?

बेदाणावाला_तासगाव:
नमस्कार मंडळी, आमची दोघांची बेदाण्याची अडत आहे, हिशोबावरनं वाद झाला आणि पार्टनरनं सांगलीच्या कोर्टात दावा टाकला. परवा बँकेत आरटीजीएस करायला गेलो तर म्हणले कोर्टाची ऑर्डर आलीय, खातं होल्ड. कोल्ड स्टोरेजला पण कळवलंय की फर्मच्या नावावरचा माल हलवायचा नाही. त्यात निम्म्याच्या वर माल शेतकऱ्यांचा आहे हो, सौद्याला लावायला आमच्याकडं ठेवलाय, त्यांची औषधाची उधारी, सोसायटीचं कर्ज सगळं त्याच्यावर अवलंबून. आम्हाला न ऐकताच ऑर्डर कशी काय होते? म्हणजे आम्ही केस हरलो का?

वकील_विजयनगर:
हरला नाही दादा, दाव्याचा निकाल अजून लांब आहे. आधी ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी काढा आणि ती कशाखाली झालीय ते बघा. निशाणी ५ वर (म्हणजे दाव्याबरोबरच्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ३९ ची मनाई असेल तर गोष्ट वेगळी, न ऐकता मनाई दिली असेल तर तो अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न कोर्टानं करायचा असतो, रूल ३ए, आणि मनाई उठवायला रूल ४ खाली अर्ज करता येतो. पण त्याच संहितेतल्या ऑर्डर ३८ रूल ५ ची निकालाआधीची जप्ती असेल तर त्यात आधी तुम्हाला 'हमी द्या नाहीतर कारण दाखवा' असं सांगितलेलं असायला पाहिजे, ते न सांगता सरळ जप्ती केली असेल तर रूल ५(४) प्रमाणे ती जप्तीच व्हॉइड, म्हणजे रद्दबातल. सुप्रीम कोर्टानं २००७ ला रमण टेक विरुद्ध सोलंकी ट्रेडर्समध्ये स्पष्ट सांगितलंय, नुसता पैशाचा दावा आहे म्हणून समोरच्याची मालमत्ता बांधून ठेवता येत नाही, निकालाची वसुलीच होऊ नये या हेतूनं समोरचा माल विकतोय किंवा पळवतोय हे दाखवावं लागतं. रोजचे सौदे म्हणजे माल पळवणं नव्हे, मागच्या दोन-तीन सीझनच्या सौदापट्ट्या 'से'बरोबर (कोर्टात द्यायच्या लेखी म्हणण्याबरोबर) जोडा म्हणजे नेहमीचाच धंदा आहे हे दिसेल.

अडत्या_मार्केटयार्ड:
वकीलसाहेबांचं बरोबर आहे, पण खातं मोकळं करायचा जवळचा रस्ता म्हणजे कोर्टाला दुसरी हमी देणं, एफडी नाहीतर बँक गॅरंटी, हमी दिली की जप्ती उठते. आणि पगार, हमाली, लाइट बिल एवढ्यापुरतं खातं चालू द्या असा अर्ज लगेच टाका, आकड्यासकट टाका, नुसतं अडचण आहे म्हणून भागत नाही. आणि चुलत भावाच्या खात्यावरनं पेमेंट फिरवायचं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका, पार्टनरचा वकील तेच धरून बसंल की बघा माणूस पैसे हलवतोय.

बेदाणावाला_तासगाव:
आभारी आहे. पण शेतकऱ्यांच्या मालाचं काय? एक काका रोज फोन करतात, त्यांच्या मुलीचं लग्न आहे, त्यांना काय सांगू?

वकील_विजयनगर:
तोच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण त्या लोकांचा या भांडणाशी काडीचा संबंध नाही. शेतकऱ्याच्या स्वतःच्या ताब्यातल्या शेतमालाला निकालाआधी जप्ती लागतच नाही, ऑर्डर ३८ रूल १२, पण तुमच्या नावानं कोल्ड स्टोरेजला पडलेल्या मालाला तो रूल आपोआप लागेल असं धरून चालू नका. त्यांनी स्वतः रूल ८ खाली हरकत घ्यायची की हा माल आमचा आहे. लॉट नंबर, आवक पावती, तुमच्या वहीतली त्यांच्या नावाची नोंद, सातबाऱ्यावर द्राक्षाची नोंद, एवढं जमवा, सगळ्यांचा एकच वकील दिला तरी चालेल. तुम्ही पण तुमच्या शपथपत्रात कुठला लॉट फर्मचा आणि कुठला कुणाचा ते नावानिशी लिहून द्या, ते केलं तर त्या काकांचं काम बरंच सोपं होतं. आणि वर जायची वेळ आलीच तर आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासनं सांगलीसाठी हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

बेदाणावाला_तासगाव:
लॉटची यादी आज रात्रीच काढायला बसतो, काकांना उद्या पावत्या घेऊन बोलावलंय.