मुलीला पायलट व्हायचंय, फ्लॅट तारण ठेवून फी भरावी का?

मिरजकर_बाबा
नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावी सायन्सला, पीसीएम आहे, आणि इंजिनिअरिंग नको पायलटच व्हायचं म्हणतेय. एका अकॅडमीत चौकशी केली, पन्नास लाखाच्या आसपास आकडा सांगितला, वर या महिन्यात पूर्ण फी भरली तर डिस्काउंट. माझी नोकरी साधी, एक फ्लॅट आहे. घरात दोन गट पडलेत, आमची आई तिच्या बाजूने आहे हे विशेष. काय करावं?

उडता_कोल्हापुरी
काका, डिस्काउंटच्या नादाला अजिबात लागू नका, आधी मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी. तिची पहिली पायरी क्लास २, ते डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) पॅनलवरच्या डॉक्टरकडे होतं, मग वरची पायरी क्लास १, आणि क्लास १ हातात आल्याशिवाय मोठी रक्कम कुठंच भरायची नाही. चष्मा चालतो, पण रंग ओळखण्यात गडबड निघाली तर सीपीएलचं (कमर्शियल पायलट लायसन्स) अवघड होतं. आमच्या बॅचमधल्या एकाने आधी फी भरली, मग मेडिकलला अडकला, पैसे परत मिळवताना घरच्यांच्या नाकी नऊ आले.
दुसरं, ते पन्नास लाख फक्त लायसन्सचे. २०० तास उडायचं, त्यातले १०० पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. पुढे एअरलाइनचं ए३२० विमान उडवायला त्या मॉडेलचं वेगळं ट्रेनिंग, म्हणजे टाइप रेटिंग, त्याचे पंधरा-वीस लाख धरून चाला. हे चौकशीला गेल्यावर कुणी आपणहून सांगत नाही.

धावपट्टी_२३
मी सध्या शिकतेय (स्कूलचं नाव लिहीत नाही). काका, तिथं जाऊन एवढंच विचारा की विमानं किती, त्यातली आज उडतायत किती आणि इन्स्ट्रक्टरमागे पोरं किती. आमच्याकडे सकाळी सहाला युनिफॉर्म घालून बोर्डासमोर उभं राहायचं, आपलं नाव तिसऱ्या सॉर्टीला (फेरीला) असतं, उडण्याआधीच्या पहिल्याच इंजिन-तपासणीत मॅग ड्रॉप जास्त आला, म्हणजे इग्निशनमध्ये गडबड निघाली, म्हणून विमान परत हँगरला, दुसरं शंभर तासांच्या इन्स्पेक्शनला उघडून ठेवलेलं, तोवर ऊन चढतं, वारा सुटतो आणि सोलोवाल्यांना (एकट्याने उडणाऱ्यांना) नाही म्हणतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. कागदावरचा कोर्स लांबतच जातो आणि हॉस्टेल-मेसचं बिल मात्र दर महिन्याला येतं. म्हणून ऑफिसात बसून ब्रोशर बघू नका, कँटीनमध्ये जाऊन जुन्या पोरांना विचारा.
आणि हो, ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलना ग्रेड देतंय. पहिल्या यादीत ए प्लस प्लस आणि ए मध्ये एकही स्कूल नव्हतं, १३ बी मध्ये, २२ सी मध्ये. यावरून काय ते समजा.

बँकवाला_नाना
आकडे मांडतो. एज्युकेशन लोन साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक साधारणपणे तारण मागतेच, म्हणजे फ्लॅट आलाच. समजा सगळं मिळून ६५ लाख काढले, साडेदहा टक्के, पंधरा वर्षं, तर हप्ता महिना जवळपास ७२ हजार. शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलं नाही, ते जमेल तसं भरत राहा नाहीतर मुद्दल फुगतं. लोनच्या व्याजावर टॅक्समध्ये सूट आहे पण फक्त जुन्या टॅक्स रिजिममध्ये. एक फायदा म्हणजे बँक पैसे टप्प्याटप्प्याने थेट स्कूलला सोडते. स्कूल एकरकमीच मागत असेल तर मी तिथूनच परत फिरेन.

सदाशिव_पेठी
नोकरीचं कुणी बोलतच नाहीये. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, गो फर्स्ट एअरलाइन मे २०२३ मध्ये. २०२३ ला देशात १६२२ सीपीएल दिली गेली, सगळ्यांना लगेच कॉकपिट मिळालं का? त्यापेक्षा इंजिनिअरिंग करू दे, उडायची हौस नंतर भागवेल.

उडता_कोल्हापुरी
@सदाशिव_पेठी, एवढंही घाबरवू नका. पण एक खरं आहे, डिसेंबर २०२५ मध्ये ड्युटीच्या नव्या नियमांमुळे इंडिगोच्या ढिगाने फ्लाइट्स रद्द झाल्या तेव्हा सगळे म्हणत होते पायलटच नाहीत. ते बघून अकॅडमीवाले जाहिराती करतील, पण कॅप्टन कमी पडला म्हणून दोनशे तासवाला त्या सीटवर बसत नाही. काका, लायसन्सनंतर वर्ष-दीड वर्ष पगाराविना हप्ता झेपेल का एवढं बघा. झेपत नसेल तर आत्ता थांबा, मुलगी लहान आहे.

वर्धेची_मुक्ता
उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इग्रुआ (इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी) ही फ्लाइंग स्कूल सरकारी आहे, तिची एन्ट्रन्स द्यायला सांगा. ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसीत येत असाल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा, त्यांनी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये पायलट ट्रेनिंगची योजना काढली होती. जागा थोड्या असतात, पण अर्ज करायला काय जातंय.

मिरजकर_बाबा
सगळ्यांचे आभार. पूर्ण फी भरत नाही हे नक्की. लेक म्हणतेय बारावी झाली की मेडिकल, आणि तोवर नॅव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजीची पुस्तकं आणून वाचायला घेते. क्लास २ साठी पुण्यालाच जावं लागेल का?

धावपट्टी_२३
डॉक्टरांची शहरवार यादी डीजीसीएच्या साइटवर आहे, जवळचा बघून फोन करूनच जा. आणि ती लेन्स लावत असेल तर कधीपासून काढून ठेवायच्या ते फोनवरच विचारून घ्या.