कार्ल्याच्या चैत्यगृहात एचडीआर: कमान जळते, खांब काळे पडतात

नवशिका१८५५
निकॉन डी३५००, सोबत किटची १८-५५ लेन्स. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपाजवळ उभं राहून दरवाजाकडे बघत फोटो हवा आहे. दोन्ही बाजूंचे खांब, छताच्या लाकडी फासळ्या आणि समोरची पिंपळपानी कमान, सगळं एकाच फोटोत. आतलं दिसेल असं एक्स्पोजर ठेवलं की कमान पांढरीफटक होते, बाहेरचं सांभाळलं की खांब काळेठिक्कर. एचडीआर करायचं (म्हणजे कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो एकत्र करायचे) म्हणून तीन जेपीजी लाइटरूममध्ये जोडून पाहिले, तर कमानीभोवती पांढुरकी प्रभावळ आली आणि माणसं दोन-दोन दिसायला लागली.
या कॅमेऱ्यात ब्रॅकेटिंग (कॅमेऱ्याने आपोआप कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो घेणं) कुठे सापडतं? किती फोटो घ्यायचे, किती अंतराने? ट्रायपॉडशिवाय जमेल का? आणि फोन हे सगळं हातात धरून कसं करतो?

मध्यमकरडा
ब्रॅकेटिंग सापडणार नाही, कारण डी३५०० मध्ये ते दिलेलंच नाही. डी५६०० मध्ये आहे. पण त्यासाठी कॅमेरा बदलू नका, एम (मॅन्युअल) मोडमध्ये हाताने करता येतं.

आधी घरीच हे लावून घ्या: रॉ (सेन्सरवरची कच्ची फाइल), आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८, व्हाइट बॅलन्स ऑटो सोडून कुठलाही एक ठरावीक, अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग (कॅमेऱ्याने सावल्या स्वतःच उजळवण्याची सोय) बंद. आणि ऑटो आयएसओ बंद आहे ना, हे दोनदा तपासा. तो चालू राहिला तर एम मोडमध्येही तुम्ही शटर जलद करता, कॅमेरा गुपचूप आयएसओ वाढवतो आणि सगळे फोटो सारख्याच उजेडाचे येतात. अनेकांचं घोडं इथेच अडतं. बदलायचं ते फक्त शटर. अ‍ॅपर्चर बदललं तर पुढचा खांब एका फोटोत धारदार आणि दुसऱ्यात मऊ येईल, मग ते फोटो नीट जुळत नाहीत.

आता मोजणी. स्पॉट मीटरिंग (फक्त फोकस बिंदूपुरता उजेड मोजणं) लावा. फोकस बिंदू कमानीतून दिसणाऱ्या उन्हातल्या भागावर धरा आणि मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत शटर फिरवा. समजा १/२५० आलं. मग खांबांमागच्या सर्वांत अंधाऱ्या भागावर तेच करा, समजा ४ सेकंद आलं. हे अंतर दहा स्टॉपचं झालं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पण ४ सेकंदांपर्यंत जायचं नाही. स्पॉट मीटर ज्यावर धराल ते मध्यम करडं दाखवतो आणि खांबांमागचा अंधार तुम्हाला करडा नकोय, अंधारच हवाय, फक्त त्यात दगडाचा पोत दिसला पाहिजे. म्हणून तिथे दोन स्टॉप कमी, म्हणजे १ सेकंद पुरे. मालिका झाली १/२५०, १/६०, १/१५, १/४, १ सेकंद. पाच फोटो, दोन-दोन स्टॉपचं अंतर, डायलचे प्रत्येकी सहा टिचके (एक टिचका म्हणजे १/३ स्टॉप).

आकडे त्या दिवशीच्या उजेडाप्रमाणे बदलतील, पद्धत तीच. खात्री हिस्टोग्रामवर (फोटोतल्या गडद-उजळ भागांच्या आलेखावर) करा. सर्वांत गडद फोटोत आलेख उजव्या भिंतीला टेकता कामा नये, सर्वांत उजळ फोटोत डाव्या. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम रॉवरून नाही, जेपीजीवरून काढलेला असतो आणि जरा जास्तच घाबरवतो. पिक्चर कंट्रोल ‘न्यूट्रल’ ठेवलात तर तो वस्तुस्थितीच्या जवळ येतो.

फोकस: तुमच्या किटच्या एएफ-पी लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचा खटकाच नाही, त्यामुळे लोक गोंधळतात. ते काम कॅमेऱ्याच्या मेन्यूतून होतं. मधल्या खांबावर ऑटोफोकस करा, मग फोकस मोड एमएफ करा. कॅमेरा पक्का टेकवणार असाल तर मेन्यूतूनच व्हीआर (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद. मध्येच कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केलात तर फोकस परत तपासा. सेल्फ टायमर २ सेकंद.

ट्रायपॉडबद्दल: कार्ले पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि अशा ठिकाणी ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर जाड कापडाची घडी किंवा तांदूळ भरलेली छोटी पिशवी जमिनीवर ठेवा आणि त्यावर कॅमेरा बसवा. खांबांना आणि कोरीवकामाला टेकवू नका. डी३५०० चा पडदा दुमडत नाही, म्हणून चौकट ठरवताना पालथं पडावं लागेल. पण जमिनीलगतच्या कोनातून खांबांची उंची खुलून दिसते, तेवढा फायदा.

उघडझाप
वरच्या प्रतिसादाला +१, फक्त पाच फोटोंचा आग्रह मला पटत नाही. एकवीरेचं देऊळ गुहेच्या अगदी तोंडाशी आहे. रविवारी किंवा चैत्रातल्या यात्रेला तिथे गेलात तर पाच फोटोंमध्ये पाच वेगळ्या गर्दी येतील, आणि दरवेळी डायल फिरवताना कॅमेरा हलणार तो वेगळाच.

आधी वेळ निवडा. चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो, आत सगळीकडे मऊ उजेड असतो आणि उजेड-अंधारातलं अंतर कमी असतं. दुपार कलली की ऊन कमानीतून थेट आत येतं, जमिनीवर आणि खांबांवर त्याचे पट्टे पडतात. दिसायला ते देखणं, पण मोजायला गेलात तर अंतर दोन-तीन स्टॉपने सहज वाढलेलं असतं. पावसाळी ढगात बाहेरची जमीन आणि आतला काळोख जवळ येतात, पण आकाश पांढरंच राहतं. तेव्हा चौकटीत आकाश कमीत कमी घ्या.

दुसरं, तोंड फिरवा. दरवाजाकडे पाठ करून स्तूपाकडे कॅमेरा धरला तर उजेड तुमच्या मागून येतो आणि बहुतेक वेळा एकाच रॉमध्ये काम भागतं. एचडीआर शिकायचं म्हणून ते जिथे तिथे वापरायलाच पाहिजे असं नाही.

समोरची कमान हवीच असेल आणि गर्दी असेल, तर एकच फोटो असा घ्या की बाहेरचा उजेड जेमतेम वाचेल. मग रॉमध्ये आतला भाग उचला. आयएसओ १०० वर या सेन्सरची सावली तीन स्टॉप बिनतक्रार उचलली जाते. चौथ्या स्टॉपला दाणे दिसू लागतात, त्यापुढे काळ्या दगडात हिरवे-जांभळे डाग येतात. ते डाग दिसले की थांबा आणि तेवढ्या अंधारासाठी दुसरा, चार स्टॉप उजळ फोटो घ्या. दोनच फोटो जोडायचे म्हटले की माणसं दुहेरी दिसण्याचा धोकाही कमी.

हातात धरूनच मालिका घ्यायची असेल तर आयएसओ ४०० आणि एफ/५.६ करा. मघाची मालिका तीन स्टॉपने जलद होते: १/२००० पासून १/८ पर्यंत. १८ मिमीवर व्हीआर चालू ठेवून, कोपरं अंगाशी घट्ट धरून १/८ जमतं. प्रत्येक पायरीला तीन-चार फोटो घ्या, त्यातला न हललेला ठेवा. पाय मात्र हलवू नका. कॅमेरा जागच्या जागी जरासा वळला तर सॉफ्टवेअर जुळवून घेतं. पण तुम्ही चार बोटं बाजूला सरकलात तर जवळचा खांब मागच्या खांबापुढून सरकतो, आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर नीट जुळवत नाही.

अंधारखोली
जोडणीबद्दल. जेपीजी जोडू नका. त्यात पांढरं झालेलं पांढरंच राहतं आणि कॅमेऱ्याने आधीच कॉन्ट्रास्ट चढवलेला असतो. लाइटरूममध्ये रॉ फाइल निवडा, कंट्रोल आणि एच दाबा, ‘ऑटो अलाइन’ चालू, ‘ऑटो सेटिंग्ज’ बंद. डीगोस्ट आधी ‘नन’ ठेवून बघा, माणसं दुहेरी दिसली तरच ‘लो’. डीगोस्ट म्हणजे जादू नव्हे: हललेल्या जागी सॉफ्टवेअर एकाच फोटोतला तुकडा घेतं. तो तुकडा गडद फोटोतला निघाला तर तेवढ्याच भागात दाणे दिसतात. ‘हाय’वर नेलं की असे ठिगळांचे डाग पसरतात.

तयार होणारी डीएनजी (जोडलेली रॉ फाइल) पहिल्यांदा मचूळ, सपाट दिसते. घाबरू नका, पुढचं काम तिच्यावरच करायचं आहे. प्रभावळ इथेच जन्माला येते. हायलाइट्स उणे १०० आणि शॅडोज अधिक १०० एकदम ओढले की सॉफ्टवेअर आजूबाजूचा उजेड बघून प्रत्येक भाग वेगळा उजळवतं, आणि कमानीसारख्या तीव्र कडेला हा हिशेब चुकतो. वर क्लॅरिटी चढवली की झालंच. त्यापेक्षा आधी एक्स्पोजर खांबांना शोभेल असं ठेवा, हायलाइट्स उणे ५०-६० पर्यंत, शॅडोज अधिक ३०-४० पर्यंत. तरी कमान जळत असेल तर मास्कमध्ये लुमिनन्स रेंजने फक्त बाहेरचा उजेड पकडा आणि त्याचं एक्स्पोजर एक-दीड स्टॉप खाली आणा. कमान आतल्यापेक्षा उजळच राहू द्या. बाहेर आणि आत सारखाच उजेड केला की फोटो कॅलेंडरछाप होतो.

फुकटात करायचं तर रॉमधून १६ बिट टिफ काढा (सगळ्यांना तेच व्हाइट बॅलन्स, तेच लेन्स करेक्शन), हगिनमध्ये जुळवा आणि एन्फ्यूजने जोडा. ही एक्स्पोजर फ्यूजन पद्धत मर्टन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ यांनी २००७ मध्ये मांडली. इथे दृश्यातला खरा उजेड काढलाच जात नाही, प्रत्येक फोटोतला चांगला उजळलेला भाग जास्त वजन देऊन मिसळला जातो. डेबेव्हेक आणि मलिक यांच्या १९९७ च्या पद्धतीत शटरच्या वेळांवरून उजेडाचा हिशेब मांडतात आणि मग टोनमॅपिंग (तो उजेड पडद्याच्या आवाक्यात बसवणं) करावं लागतं. नवशिक्याला फ्यूजन सोपं: भडकपणा जवळजवळ येत नाही, थोडा सपाटपणा येतो, तो कर्व्हला हलका एस देऊन जातो.

नवशिका१८५५
फोनचं राहिलं. तो तर ट्रायपॉड मागत नाही.

उघडझाप
कारण तो लांब एक्स्पोजर घेतच नाही. गूगलच्या एचडीआर प्लसचं मूळ तंत्र असं: सगळे फोटो सारखेच आणि मुद्दाम गडद, पटापट घ्यायचे, जुळवायचे, त्यांची सरासरी काढायची आणि मग सावल्या उचलायच्या. सरासरीने दाणे फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाइतके कमी होतात. आठ फोटोंना साधारण २.८ पट, म्हणजे दीड स्टॉपचा फायदा.

डी३५०० सेकंदाला पाच फोटो घेतो, म्हणजे हे तुम्हालाही जमेल. बाहेरचा उजेड वाचेल असं एक एक्स्पोजर ठेवा आणि सलग आठ रॉ घ्या. फोटोशॉपमध्ये ते लेयर म्हणून उघडून ऑटो अलाइन करा, सगळे मिळून एक स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि स्टॅक मोड ‘मीन’ ठेवा. मोड ‘मीडियन’ केला तर चालणारी माणसंही पुसली जातात, पण त्यासाठी फोटोंमध्ये चार-पाच सेकंदांचं अंतर हवं. सेल्फी काढत एकाच जागी उभी असलेली मंडळी मात्र कुठल्याच मोडने जात नाहीत. त्यांना ‘जरा बाजूला व्हाल का’ म्हणून विचारा.