निर्यातीत १.८ टक्के वाटा, म्हणजे आपला माल जगात टिकत नाही?

मिहानकर
नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या उद्योजकांच्या बैठकीत एकाने ठासून सांगितलं: जगाच्या मालनिर्यातीत भारताचा वाटा दोन टक्केही नाही, म्हणजे आपल्याला स्पर्धा झेपत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हे मुळीच पटलं नाही.

२०२३ मध्ये जगाची मालनिर्यात साधारण २४ लाख कोटी डॉलर होती, आपली ४३ हजार कोटींच्या आसपास. वाटा १.८ टक्के. हिशेब बरोबर आहे, पण त्यात काय काय मिसळलंय ते बघा. दर पाच डॉलरमागे जवळपास एक डॉलर पेट्रोल-डिझेलसारख्या पदार्थांचा, आणि त्यासाठीचं कच्चं तेल बहुतांश आयात केलेलं. २०२२ मध्ये तेल भडकलं, निर्यातीचा आकडाही फुगला. त्यात आपली कार्यक्षमता किती आणि तेलाचा भाव किती?

आयफोनचं उदाहरण अभ्यासकांना ठाऊक असेल. २००९ मध्ये चीनमधून निघणाऱ्या एका फोनची किंमत सुमारे १७९ डॉलर धरली जायची. त्यात चीनमधल्या जुळणीचे होते फक्त साडेसहा डॉलर. बाकी सुटे भाग जपान, कोरिया, जर्मनीसारख्या देशांचे. कस्टमच्या नोंदीत मात्र पूर्ण १७९ चीनच्या नावावर. देशात मालाच्या किमतीत किती भर पडली, म्हणजे किती मूल्य वाढलं, ते मोजा, मग स्पर्धेचं बोला.

आकडेमोड
मिहानकर, साडेसहा डॉलर सांगितलेत, पुढची गोष्ट का गाळली? जुळणीपासून सुरुवात करून चीनने हळूहळू सुटे भागही घरीच बनवायला घेतले. १९८३ मध्ये जगाच्या निर्यातीत चीनचा वाटा सव्वा टक्क्याच्या आसपास होता, आता १४ टक्के आहे. आधी वाटा आला, मूल्य मागून आलं. आपण जुळणीच्या पहिल्या पायरीलाच नाकं मुरडतो.

वाटा हा आकडा निष्ठुर आहे, म्हणूनच तो हवा. १९४८ मध्ये आपला २.२ टक्के होता, १९८३ पर्यंत अर्ध्या टक्क्यावर आला. त्या काळात आपली निर्यात वाढतच होती! जग जास्त वेगाने वाढलं, आणि नुसत्या रकमा बघणाऱ्यांना ते दिसलं नाही. २०२३ मध्ये दहा कोटी लोकांचं व्हिएतनाम दीड टक्क्यावर होतं. आपण १४० कोटी.

काटोलचा बागायतदार
दोघंही मोठ्या आकड्यायचं बोलून राहिले, जरा संत्र्याचं बोला ना भाऊ. आमचा माल जास्त करून बांगलादेशात जाये. त्यायनं आयातशुल्क वाढवत नेलं आन् गाड्या कमी झाल्या. फळ तेच, झाड तेच, माती तेच. निर्यात घटली म्हणून संत्रा नापास झाला का? आता दुसरी बाजूही सांगतो, लपवत नाही. आमच्या संत्र्यात बिया फार, साल ढिली, लांबच्या प्रवासात टिकत नाही. युरोपच्या गिऱ्हाइकाले बिनबियांचं फळ लागते. तिथं शुल्काले दोष देऊन काय फायदा?

मिहानकर
दादा, हेच तर मी म्हणतोय. घट एकच, कारणं दोन, आणि आकडा दोन्ही एकाच पोत्यात भरतो. म्हणून वस्तूवार मोजावं. बेला बालासा या अर्थतज्ज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेला निर्देशांक आहे: देशाच्या निर्यातीत त्या वस्तूचा वाटा भागिले जगाच्या निर्यातीत त्याच वस्तूचा वाटा. एकापेक्षा जास्त आलं, तर त्या मालात देशाचं पारडं जड.

आकडेमोड
तोही सरकारच्या एका आदेशाने हलतो. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, सप्टेंबर २०२४ मध्ये उघडली. मधल्या काळात गोंदिया-भंडाऱ्याचा शेतकरी कमी कुशल झाला होता का? शिवाय हा निर्देशांक देशाच्या स्वतःच्याच निर्यातीशी तुलना करतो. एकूण निर्यात तोकडी असली, तरी एखादी वस्तू झळकते.

माझी कसोटी साधी. सगळ्यांना एकच दार, म्हणजे सारखंच शुल्क, असलेला बाजार घ्या आणि तिथला वाटा बघा. श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर घातलेले जुने कोटे, म्हणजे देशवार मर्यादा, १ जानेवारी २००५ ला संपले. बांगलादेश पुढे गेला, की आपल्याकडे लगेच म्हणतात, त्यांना युरोपात शुल्कमाफी आहे. खरं आहे. पण अमेरिकेत त्यांच्या कपड्यांना तशी माफी नव्हती, तरी २०२३ मध्ये तिथे त्यांनी आपल्यापेक्षा जास्त कपडे विकले. आणि तुमच्याच मूल्याच्या हिशेबाने बघायचं तर, भारतातून कापूस आणि सूत बांगलादेशात जातं, तिथे शर्ट शिवला जातो आणि शिलाईची मजुरी तिथल्या बायांच्या घरात जाते. कापूस पिकवणाऱ्या विदर्भाने याचं उत्तर मागायला नको का?